पाठमोरी

“आई, त्या बाईंना वाळत घातलंय का?”

संग्रहालयातल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, पक्ष्यांच्या दालनात, माझ्या मागून चालणाऱ्या एका चिमुरडीने हा प्रश्न विचारला. तिच्या आईने तिला दटावलं आणि मग स्वतःच फिस्सकन हसली. मला वाटलं, काचेतल्या बगळ्यांबद्दल काहीतरी चाललंय. मी आपली चोची, पंख, स्थलांतर असं त्याच सुरात सांगत राहिले. दुपारी डबा खायला बसले, खुर्चीला टेकले आणि पाठीत काहीतरी टोचलं. हात मागे नेला, तर हाताला लागले कपडे वाळत घालायचे चिमटे. मानेपासून कमरेपर्यंत, एकाखाली एक, निळे आणि पिवळे.

ते मीच लावले होते. सकाळी, पूर्ण शुद्धीत.

हे कसं झालं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचा एखादा स्क्रू ढिला आहे. संग्रहालयात येण्यापूर्वी बरीच वर्षं मी टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या वाचत होते. बातम्या वाचणाऱ्या माणसाला फक्त पुढची बाजू असते, तीही टेबलाच्या वरची. खाली मी कायम घरातला पायजमा आणि रबरी चपला घालून बसायचे. वरचा कोट चॅनलचा, कुणाच्याही अंगात जाईल अशा ढगळ मापाचा. कपडे बघणारी आमची बाई तो माझ्या अंगात घालायची, मागून मूठभर कापड गोळा करायची आणि फटाफट चिमटे लावून टाकायची. पुढून बघाल तर कोट अंगावर बेतून शिवल्यासारखा. मागून मी म्हणजे तोंड बांधलेलं पोतं. पण मागून बघायला होतं कोण? मागे भिंत होती.

चॅनल बंद पडलं तेव्हा शेवटचा पगार अर्धा पैशांत मिळाला आणि अर्धा कोटांत. “घ्या मॅडम, आठवण म्हणून,” हिशेबनीस म्हणाला. आठवणींवर घरभाडं भागत नाही हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याच्या स्वतःच्या वाट्याला दोन फिरत्या खुर्च्या आल्या होत्या, आणि त्यांतली एक फिरत नव्हती.

मग मोठं घर सोडलं. आता आम्ही तिघी, म्हणजे आई, मी आणि माझी नववीतली लेक, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. लेकीचे बाबा फार पूर्वीच आमच्यातून वजा झालेत, ती बेरीज-वजाबाकी मी पुन्हा मांडत नाही. कपाट एकच आहे. त्यात माझे कोट शिरले आणि आईचे कपडे पलंगाखालच्या पेटीत गेले. हे आईने मुकाट्याने केलं असतं तर ती माझी आई कसली! “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,” पेटी सरकवताना ती भिंतीला म्हणाली. आमच्याकडे मला काही सुनवायचं असेल तर ते भिंतीला सुनवतात.

तर त्या सकाळी मी जन्मभराच्या सवयीने कोट पलंगावर पालथा घातला, जादा कापड गोळा करून चिमटे लावले, मग तो अंगात चढवला. आरशात बघितलं. झकास. आणि ज्या नोकरीत दिवसभर लोक आपल्या मागून चालतात, त्या नोकरीवर गेले.

घरी सांगितलं तेव्हा लेक हसता हसता पलंगावरून पडायची बाकी राहिली. आई हसली नाही. तिने दोरीवरचे चिमटे मोजायला घेतले.

नोकरी साधी होती. दारात जमलेल्या लोकांना घेऊन सगळ्या दालनांतून फिरवायचं, सांगायचं, आणि शेवटी देवमाशाच्या सांगाड्यापाशी आणून सोडायचं. तीन महिने माझं काम बघणार होते आणि मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार होतं. पगार आधीच्यापेक्षा बराच कमी, पण दर महिन्याला येणारा. आमचं भाडं, लेकीची शाळा, आईच्या डोळ्यांची औषधं, सगळं त्या एका होकारावर टांगलेलं होतं. दुसरीकडे कुठे विचारायचं आता माझ्यात धाडस नव्हतं. पुष्कळ ठिकाणी विचारून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी चिमट्यांशिवाय गेले. कोट मागून तंबूसारखा लोंबत होता, हे आता मला माहीत होतं. त्यावर मी शक्कल लढवली. पाठ दाखवायचीच नाही! लोकांकडे तोंड करून उलटं चालायचं. सरीसृपांच्या दालनापर्यंत फार छान चाललं. पुढच्या दालनात मी सांगत होते की हा प्राणी दोन पायांवर उभा राहिला की माणसापेक्षा उंच होतो, आणि तेवढ्यात मी त्याच्या मिठीत शिरले. अस्वल पेंढ्याचं होतं म्हणून बरं. त्याचा एक पंजा मात्र निखळला.

संग्रहालयाच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणतात. साहेब मितभाषी, मिशीआडून बोलणारे. त्यांनी मला बोलावलं तेव्हा तो पंजा त्यांच्या टेबलावर पेपरवेटसारखा ठेवलेला होता.

“मॅडम, लोक आपलं तोंड बघायला आलेले नाहीत,” ते म्हणाले. “वळा आणि चालायला लागा. आणि हो, मागे वळून बघायचं नाही. वाट दाखवणाराच मागे बघायला लागला की लोकांना वाटतं, यालाच रस्ता माहीत नाही.”

मी वळले. चालायला लागले. मागे बघितलं नाही. आणि आगीतून फुफाट्यात पडले, कारण आता माझी माणसं हरवायला लागली. दारातून पंधरा घेऊन निघायचे, देवमाशापाशी वळून बघावं तर सहा. एकदा एक म्हातारे गृहस्थ एकटेच होते. तेही म्हणाले की ते माझ्याबरोबर नव्हतेच, ते बसायला जागा शोधत होते. तिकीट खिडकीवर तक्रारी जायला लागल्या. दुसऱ्यांच्या घोळक्यात माझी माणसं सापडायची, फुलपाखरांत गोल गोल फिरताना सापडायची, एक कुटुंब तर थेट कोठीच्या खोलीत सापडलं.

साहेबांनी पुन्हा बोलावलं. “आवाज सोन्यासारखा आहे तुमचा. माहितीही चोख. पण माणसं टिकत नाहीत तुमच्याकडे.” मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “महिनाअखेरीला तुमचे तीन महिने भरतात, तेव्हा मी स्वतः तुमच्याबरोबर फिरणार. सगळे शेवटपर्यंत आले तर ठीक. नाहीतर माझा नाइलाज आहे.”

दोन दिवस मी रडवेली होते, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी मात्र मला चक्क उत्सुकता वाटायला लागली. बातम्या वाचणाऱ्याला प्रश्न पडायची सवय नसते. समोर येईल ते वाचायचं, प्रश्नसुद्धा कुणीतरी लिहून दिलेला असतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा स्वतःचा प्रश्न पडला होता. मी मागून दिसते तरी कशी?

मग मी पाठी बघायला लागले. रस्त्यावर, दवाखान्याच्या रांगेत, बसमध्ये उभं राहून. आणि काय सांगू, केवढं असतं तिथे! एका कडक इस्त्रीच्या गृहस्थांच्या शर्टाला मागे किमतीची चिठ्ठी तशीच होती. आमच्या खालच्या मजल्यावरची शिक्षिका पुढून बघावं तर करारी, पण मागून चालताना दप्तर टाकून खेळायला निघालेल्या पोरीसारखी दिसते. एक टपालवाला होता, त्याच्या सदऱ्याची शिवण एका खांद्यावर पार विरलेली, दुसरा खांदा नवाकोरा. माणसं पुढच्या बाजूची एवढी काळजी घेतात आणि मागची अशी सोडून देतात, जशी काही ती दुसऱ्या कुणाची आहे. मी तरी कुठे वेगळी होते!

आमच्यात एक जुने गाइड आहेत, पक्ष्यांवर त्यांचा भारी जीव, म्हणून सगळे त्यांना पाखरूकाका म्हणतात. त्यांचं माणूस कधी हरवत नाही. एका सुट्टीच्या दिवशी तिकीट न काढता मी त्यांच्या घोळक्याच्या शेपटाला लागले. काका बोलतात पुटपुटत, अर्धं तर ऐकूच येत नाही. पण त्यांच्या अंगात विटकरी रंगाचा, काकूंनी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर असतो, आणि मागे नक्षी चुकून एक भलामोठा तिरपा पट्टा आलाय. शिवाय बूट करकरतात. कितीही गर्दी असो, तो पट्टा आणि ती करकर. लोक काडीचा विचार न करता मागे जात होते.

“काका, हा स्वेटर तुम्ही मुद्दाम घालता ना?” मी नंतर विचारलं.

“मुद्दाम कसला? थंडी वाजते गं आत,” काका म्हणाले. “का? काय आहे त्याला?”

त्यांनी कधी बघितलाच नव्हता तो मागून. मी सांगितलं नाही. काकूंच्या विणकामाला उगाच नावं कशाला ठेवा?

घरी येऊन लेकीला म्हटलं, माझा मागून फोटो काढ. तिने काढला आणि आम्ही दोघी बघत बसलो. भिंतीसमोर भिंत! राखी कोट, राखी भिंत, वर केसांचा एक गोळा.

“तुझे सगळेच कपडे असे का गं?” लेकीने कपाट उघडलं. “राखी, वाळूसारखा, मळका निळा. एकपण चौकडा नाही. एकपण हिरवा नाही.”

हिरवा कसा असेल? स्टुडिओत माझ्या मागे भिंतीवर हिरवा पडदा असायचा आणि त्या हिरव्याच्या जागी मशीन नकाशे, पूर, निवडणुका असं काय काय दाखवायचं. हिरवं घातलं की मशीनला वाटणार हाही पडदाच. एकदा एक नवी मुलगी हिरवा कोट घालून आली तर नुसतं डोकं हवेत बातम्या वाचत होतं. चौकडे चालत नसत, कारण पडद्यावर ते वळवळतात. लाल डोळ्यांत घुसतो, पांढरा चमकतो. इतकी वर्षं मी ते सगळं टाळत गेले आणि टाळता टाळता मला वाटायला लागलं की हीच माझी आवड. लोक म्हणायचे, काय शालीन राहणी! मीही म्हणायचे, हो, मला बाई भडक आवडत नाही. मला काय आवडतं हे मी कधी करूनच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोटांचं गाठोडं घेऊन आम्ही जुन्या कपड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारीण कोट उलटसुलट करत म्हणाली, “कुणा पैलवानाचे आहेत का हे?”

“माझेच.”

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुढे विचारणं सोडून दिलं. पैसे देत नव्हती, अदलाबदल करत होती. मीही तिथे तासभर ठाण मांडलं. शेवटी कोट गेले आणि बदल्यात आले दोन शर्ट, दोन बऱ्यापैकी पॅंट आणि टणक तळाचे, चालले की वाजणारे बूट. त्यांतला एक शर्ट हिरवा, त्यावर पिवळे चौकडे. टीव्हीवर जे जे निषिद्ध, ते सगळं एका शर्टात.

तो घालून मी डोळे मिटूनच आरशासमोर गेले. खरंच सांगते, मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मला वाटत होतं की मी दिसणार नाही. बघितलं तर मी होते. चांगली ठसठशीत होते.

दोन कोट मी ठेवले होते, थंडीसाठी. आईने चष्मा चढवला, त्यांची पाठ उसवली, जादा कापड काढून टाकलं आणि शर्ट आखूड करताना उरलेली हिरवी चौकडी मधोमध उभी बसवली. पुढून कोट तसाच शालीन. “तुला दोन्ही बाजू असतात हे एवढ्या उशिरा कळलं,” ती म्हणाली. या वेळी मात्र भिंतीला नाही, मला म्हणाली.

फरक लगेच दिसायला लागला. सहाची दहा झाली, दहाची तेरा. मी चालताना बूट वाजवायचे, वळणावर मुद्दाम जरा थांबायचे. चिमटेवाली ती चिमुरडी पुन्हा आली असती तर तिला दाखवायला मला आवडलं असतं. पण पूर्ण घोळका एकदाही टिकला नव्हता. एखाददुसरा गळायचाच, आणि तो कुठे गळतो तेही मला कळलं होतं. खोल समुद्राच्या दालनात. तिथे मुद्दाम काळोख ठेवलाय. काचांच्या आत माशांपाशी बारके दिवे, बाकी मिट्ट. शिवाय फरशीवर जाड गालिचा, म्हणजे बूटही मुके.

महिनाअखेर आली. लेकीला शाळेला सुट्टी होती, ती म्हणाली, मी येते. मी नको म्हणत होते. जे काही व्हायचं ते तिच्यासमोर नको, असं वाटत होतं. पण ती आली आणि एक जाडे काका, दोघी मैत्रिणी, छत्रीवाले एक आजोबा अशा घोळक्यात अनोळखी असल्यासारखी मिसळली. साहेब सगळ्यांत मागे, हात पाठीशी बांधून.

मी निघाले. पक्षी झाले, सरीसृप झाले. अस्वलाला पंजा चिकटवलेला होता, त्याच्याकडे मी बघितलं नाही. मग काळोखाचं दालन आलं, आणि शिरतानाच मला पाखरूकाकांची पुटपुट ऐकू आली. त्यांचा घोळका आतच होता. दोन्ही घोळके त्या चिंचोळ्या जागेत एकमेकांत घुसले. धक्के, “अहो, पाय,” कुणाचं तरी पोर रडतंय.  सगळं शरीर सांगत होतं, वळ आणि बघ. पण साहेब मागे होते. मी डोक्यावर दिवा मिरवणाऱ्या माशाची माहिती सांगत राहिले, आवाज जराही हलू दिला नाही, तेवढं मला येतं. बोलत बोलत दुसऱ्या दाराने बाहेर पडले. मागे पावलं आहेत की नाहीत, गालिच्यामुळे काही कळत नव्हतं.

देवमाशाच्या सांगाड्याखाली मी थांबले. इथे वळायची मुभा होती. तरी क्षणभर वळवेना.

वळले. होते. सगळे होते. ते जाडे काका, त्या दोघी मैत्रिणी, छत्री घेऊन आलेले आजोबा, माझी लेक. वर पाखरूकाकांची दोन माणसंसुद्धा आली होती. सगळ्यांत शेवटी साहेब, जरा धापा टाकत.

“एकही गळाला नाही,” लोक पांगल्यावर ते म्हणाले. “त्या अंधारात मला स्वतःला कळेना कुठे जायचं. सगळे निघाले म्हणून मीही निघालो. सोमवारी या, कायमचे कागद करून टाकू.”

मी त्यांच्यासमोर रडले नाही. बाहेर, सायकली ठेवतात तिथे, रडून घेतलं.

घरी जाताना माझी टकळी थांबत नव्हती. हिरव्याची कमाल, चौकड्यांची कमाल, आजीच्या हाताची कमाल. लेक ऐकत होती, ऐकत होती, आणि मग म्हणाली, “अगं, पण तिथे कुठला हिरवा दिसत होता? अंधारात सगळं काळंच होतं.”

“मग लोक आले कसे?”

“ते जाडे काका विचारत होते, आपल्या मॅडम यातल्या कुठल्या? मी म्हटलं, त्या काय, त्या चालल्यात. मी तुझ्या मागे निघाले आणि मग सगळे माझ्या मागे.”

“पण तुला कसं कळलं, मी कुठली ते?”

दोन आणि दोन किती असं विचारल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं.

“तू रोज संध्याकाळी जायचीस ना बातम्यांना. मी गॅलरीत उभी राहायचे, तू कोपऱ्यावर वळेपर्यंत. हिवाळ्यात तर पूर्ण अंधार असायचा. तू उजवा खांदा खाली टाकून चालतेस. हातात पिशवी नसली तरी.”

“मग टीव्हीवर बघायचीस की मला,” मी कसंबसं म्हटलं.

“टीव्हीवर काय, सगळ्यांनाच दिसायचीस.”

ती हे तक्रार म्हणून म्हणाली नव्हती. तिचं लक्ष रस्ता ओलांडण्याकडे होतं.  इतक्या संध्याकाळी ती तिथे उभी होती, आणि मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. मला वाटत होतं, मागे भिंत आहे.

जिन्याशी आलो तेव्हा मी मुद्दाम थांबले आणि तिला पुढे जाऊ दिलं. दोन वेण्या, डाव्या हाताने कठड्यावर टिचक्या मारायची सवय, पायरी चढताना किंचित उड्या. हे सगळं केव्हापासून होतं कोण जाणे. अंधारात मला ती ओळखता आली असती का?

“चल ना गं,” ती वरून ओरडली. “काय करतेस?”

“येतेय,” मी म्हटलं. “तू हो पुढे.”